पावाच्या गाडीतली तिसरी फळी

बुधवार

गाडी तयार झाली. पहिल्या प्रवासाची नीट नोंद राहावी म्हणून ही कोरी वही काढली आहे. शनिवार-रविवार समुद्रावर, तेही स्वतःच्या कॅम्परव्हॅनमधून! आज चष्म्याच्या दुकानात सगळ्यांच्या कानावर घातलं. मी मागच्या खोलीत भिंगं घासतो, तिथे यंत्राचा आवाज फार, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे ती पावाची गाडी का?"

आहे खरी पावाचीच. बेकरीवाल्याने विकायला काढली तेव्हा मी घेतली. आतून घासूनपुसून लख्ख केली तरी पावाचा वास काही गेला नाही. आमचा कुत्रा अजून कोपरे हुंगत असतो. त्याचं नाव मुकादम. हे नाव बाबांनी ठेवलं, कारण दुसरं कुणी काम करत असलं की हा समोर बसून देखरेख करतो आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही.

गाडीतलं लाकूडकाम सगळं बाबांचं. जन्मभर सुतारकी केली, गुडघे गेल्यावर हत्यारं पेटीत ठेवली, ती या गाडीसाठी पुन्हा बाहेर काढली. ओटा, कपाट, आम्हा दोघांना झोपायची जागा, दाराशी ठेवायची लाकडी पायरी. आणि खिडकीखाली, भिंतीला मिटवून ठेवता येईल अशी एक तिसरी फळी. काल तिच्या बिजागऱ्या बसवल्या आणि स्वतःच वर आडवे झाले. पाय ताणून पाहिले. "मापाची झाली," म्हणाले. उठताना धरायला कडेला एक मूठही लावली आहे, बरोबर त्यांच्या डाव्या हाताशी येईल अशी.

मुकादम खाली बसून सगळं बघत होता. मीही बघत होतो. तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं नाही. बाबांना न्यायचं माझ्या मनात नाही.

गुरुवार

सांगितलं. कसं सांगितलं ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे बदलता येणार नाही.

जेवताना म्हणालो, "बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला लांबचा प्रवास नको म्हटलंय ना. समुद्र म्हणजे दिवसभराचा रस्ता, त्यात घाट. तुमच्या कमरेला नाही झेपायचं."

डॉक्टर असं म्हणाले होते, हे खरं. तासाभरावर कुठेही खुशाल जा, असंही म्हणाले होते. ते वाक्य मी भाताबरोबर गिळलं.

बायकोने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि वाढायला लागली. बाबा थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तेही खरंच. मुकादमाला न्या मात्र. त्याला पाणी आवडतं."

खरं कारण वेगळं आहे. मी गाडी चालवताना बाबा शेजारी बसले की तिथे नसलेला ब्रेक पायाने दाबत राहतात. वाटेत दर थोड्या वेळाने थांबावं लागतं. झोपले की घोरतात. हे सगळं खरं असलं तरी तेवढ्यासाठी माणूस मागे ठेवायचा नसतो. मला दोन दिवस कुणाचाही मुलगा नसल्यासारखं राहायचं होतं, एवढंच. हे वाचताना बरं दिसत नाही. लिहितानाही नाही दिसलं.

शुक्रवार

बाबा पोचवायला खाली आले. जिना उतरायला त्यांना किती त्रास होतो ते मला माहीत आहे. गाडीत डोकावून प्रत्येक कडी लावून पाहिली. तिसरी फळी उघडून तिच्यावर घडी घातलेली चादर ठेवली. "सामान ठेवायला होईल," म्हणाले. मुकादमाच्या कानात काहीतरी कुजबुजले. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई खिडकीतून हात हलवत होत्या. मी भोंगा वाजवला, मोठ्या थाटात.

गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत थाट टिकला. तिथून घाट दिसतो. एकामागून एक ट्रक चढत होते आणि एक त्यांच्यातून उलटा खाली येत होता, चाकांतून धूर निघत असलेला. माझे तळहात स्टिअरिंगला चिकटले. ही गाडी मी आजवर घर ते गॅरेज एवढीच चालवली आहे. मागच्या बाजूला किती गाडी उरली आहे याचा मला अजून अंदाज येत नाही.

मी डावीकडे वळलो.

बायको म्हणाली, "अहो, हा तळ्याचा रस्ता."

"क्लच नीट लागत नाहीये."

"मघाशी तर लागत होता."

आमच्या गावाला पाणी पुरवणाऱ्या तळ्याच्या काठी, पंपघराच्या मागे गाडी लावली. सुटीत पोरं सायकलवरून येतात इथे. बायकोने दार उघडलं, बाबांची पायरी खाली ठेवली, तिच्यावर उभी राहून इकडेतिकडे पाहिलं.

"इथवर तर बाबाही आले असते," ती म्हणाली.

झाडावरचे पक्षी ओरडत होते, ते ओरडत राहिले.

"चला, जाऊन घेऊन येऊ त्यांना. अजून दुपार व्हायची आहे."

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने," ती म्हणाली आणि आत जाऊन बटाटे सोलायला बसली.

शनिवार, सकाळ

झोप छान लागली, हे लिहायलाही लाज वाटते. पाणी शांत, चहा उत्तम, स्टोव्ह एकदाही विझला नाही. बायको पाण्यात पाय सोडून बसली. मुकादम तीनदा पोहून आला आणि तीनदाही अंग झाडायला नेमका माझ्याजवळ. नंतर मात्र उघड्या दारातून आत जाऊन तिसऱ्या फळीखाली बसला आणि वर बघत राहिला. वर नुसती चादर.

बाबांना फोटो पाठवला. मुकादम आणि मागे पाणी. बायको खांद्यावरून बघत होती.

"पलीकडचा काठ कापलात?"

"चौकटीत बसत नव्हता."

बाबांचं उत्तर आलं: "छान. लाटा नाहीत आज?"

मी लिहिलं, ओहोटी आहे.

शनिवार, संध्याकाळ

बोटांना अजून गाळ आहे. अक्षराला हसू नये.

दुपारी डोळा लागला. दार उघडंच होतं. उठलो तर मुकादम नाही. आधी वाटलं, असेल जवळपास. हाका मारल्या. मग पळायला लागलो. बायको एका बाजूने काठाकाठाने, मी दुसऱ्या बाजूने. पंपघराचा राखणदार बाहेर आला, तोही हाका मारायला लागला. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. म्हणाला, "तिकडे गाळ आहे हो. गेल्या वर्षी एक वासरू रुतलं होतं." चपलांसकट गाळात शिरलो. कुत्र्याला हाका मारता मारता मी "बाबांना काय सांगू, बाबांना काय सांगू" असं मोठ्याने म्हणत होतो, हे मला नंतर बायकोने सांगितलं.

घसा बसला आणि तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"अरे, मुकादम इथे आलाय."

जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, आम्ही तर समुद्रावर आहोत.

"ऐकतोयस ना? दाराशी उभा आहे. गाळाने माखलाय. दमलाय जरा, पण ठीक आहे."

"बाबा, तो... म्हणजे आम्ही..."

बाबा थांबले होते. मला वाटतं बराच वेळ थांबले होते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तेच म्हणाले, "समुद्रावरून आला बघ पठ्ठ्या! जनावराला घर बरोबर कळतं. तुम्ही घाईने निघू नका. पैसा-वेळ घालवून गेलाय एवढे लांब, राहा निवांत. मी आहे त्याच्याजवळ."

सकाळी फोटोत समुद्रावर असलेला कुत्रा दुपारी घरी पोचतो, हे त्यांना खटकलंच नाही. वय झालंय, दुसरं काय. नशीब म्हणायचं.

बायको काठावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने चेहरा ओढणीत लपवला, आणि मग ती हसत नव्हती. "चला घरी," म्हणाली. मी समजावलं की आत्ता निघालो तर अर्ध्या तासात पोचू. समुद्रावरून कुणी अर्ध्या तासात पोचत नाही.

"मग? इथे बसून राहायचं? कुत्रा घरी, बाबा घरी, आणि आपण इथे वेळ काढत?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

तिने उरलेले बटाटे माझ्यासमोर ठेवले आणि फिरायला निघून गेली.

रविवार

घराच्या इतक्या जवळ राहून घरी जाता येत नाही, हा अनुभव मी आज पुरेपूर घेतला. दुपारपर्यंत गाडी पुसली. मग पुसलेली गाडी फार स्वच्छ दिसायला लागली म्हणून येताना कच्च्या रस्त्याने आणली. धूळ चांगली बसली. बायकोने धुळीसाठी काच वर केली. उतरताना फक्त म्हणाली, "शोभता हो."

वर दरवाजा उघडा, आत गर्दी. शिवणकामवाल्या बाई, खालचे औषधवाले, शेजारची पोरं. मध्ये मुकादम पाय पसरून पडलेला आणि खुर्चीत बाबा, रंगात आलेले.

"आज पहाटे दार उघडतो तर हा उभा! रात्रभर चालला असणार. घाट उतरून आला. अंगावर मीठ साचलं होतं मीठ! दोन बादल्या पाण्याने धुतलं तेव्हा निघालं." आणि मला बघून, "काल दुपारीच सुटला ना तुमच्या हातून? हो ना रे?"

"हो बाबा," मी म्हणालो.

मिठाचं ऐकून मी थक्क झालो. तळ्याचं पाणी गोडं. आणि आज पहाटे कुठलं? काल दुपारी त्यांनीच मला फोन केला होता. तो ते साफ विसरले. म्हातारपणी माणसं अशी मनानेच भर घालतात आणि त्यांना ते खरं वाटू लागतं. मला त्यांची काळजी वाटली. पण त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं.

हे मी बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मी परकी भाषा बोलत असल्यासारखी. म्हणाली, "भिंगं घासता ना हो तुम्ही?"

मंगळवार

प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. दुकानात गिऱ्हाइकं चष्मा बाजूला ठेवून कुत्र्याबद्दल विचारतात. आज गावच्या साप्ताहिकाचा बातमीदार घरी आला. बाबांनी त्याला बसवून सगळं रंगवून सांगितलं. आता त्यात घाटातलं धुकं आलं आहे, एक ट्रकही आला आहे. मुकादम ट्रकला वाट देऊन कडेला थांबतो आणि मग पुढे येतो. बाबांनी तेवढं नक्कल करून दाखवलं.

बातमीदाराने मला विचारलं, "समुद्रावर नक्की कुठे होतात तुम्ही?"

माझी पाचावर धारण बसली. बाबाच म्हणाले, "दीपगृहाच्या अलीकडे. तिथे झाडं आहेत, गाडी लावायला सावली मिळते. मला फोनवर सांगत होता. हो ना रे?"

मी असं काही कधीच सांगितलं नव्हतं.

"हो बाबा."

दर वेळी हे "हो ना रे" म्हणताना ते माझ्याकडे बघतात आणि जरा थांबतात. कान कमी झाले असतील. तपासून घ्यायला हवेत.

बातमीदार गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायचं टाळलं. माझ्याच बापाला मी खोट्याचा साक्षीदार करून ठेवलं आहे आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

गुरुवार

आज बाबांच्या कमरेसाठी डॉक्टर येऊन गेले. तपासणी झाल्यावर बाबांनी सहज विचारलं, "डॉक्टर, मला आपल्या तळ्यापर्यंत जाता येईल का हो? गाडीतून?"

"तळं? तळं म्हणजे काय प्रवास आहे का? आजच जा की."

"मग गेल्या आठवड्यातही चाललं असतं म्हणा."

"कधीही चाललं असतं."

"असं," बाबा म्हणाले आणि शर्टाची बटणं लावू लागले. मला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं, ते मी डॉक्टर जाईपर्यंत बघत राहिलो.

संध्याकाळी ते खाली गाडीपाशी गेले, मूठ घट्ट करायला. मी वरून बघत होतो. दाराशी वाकले, आत पाहिलं, गाडीखाली पाहिलं. वर आल्यावर म्हणाले, "पायरी दिसली नाही रे."

शनिवारी कुत्रा शोधायच्या धांदलीत पायरी कुठे गेली ते मला आठवेना. रविवारी निघताना ती गाडीत घेतल्याचंही आठवेना.

"समुद्रावर राहिली, बाबा."

"राहू दे. दुसरी करू." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ती माझ्या गुडघ्याच्या मापाने केली होती. तुम्हाला तशी काही गरज नव्हतीच."

जेवण गेलं नाही. बायको ताट उचलताना म्हणाली, "शनिवारी त्यांना तळ्यावर न्या. नाहीतर मी नेते, रिक्षाने."

रात्रभर तळमळ होईल आता. होऊ दे.

शनिवार

तळ्याकाठी, गाडीत बसून लिहितो आहे. दुपार आहे.

सकाळी बाबांना खाली आणलं. पायरी नसल्यामुळे त्यांना दोन्ही काखांत धरून गाडीत चढवावं लागलं. किती हलके झालेत. वाटभर त्यांचा पाय तो नसलेला ब्रेक दाबत होता आणि मला आज त्याचा राग आला नाही. फाट्यावर त्यांनी घाटाकडे बघितलं. "रहदारी फार असते इथे," म्हणाले. "मीही टाळला असता." मी म्हटलं, काय? ते म्हणाले, काही नाही.

पंपघर दिसलं आणि मुकादम उभा राहून शेपटी आपटायला लागला. दार उघडताच धावत सुटला, ओळखीच्या घरी जावं तसा. पंपघराच्या भिंतीशी राखणदार बसला होता. बाबांच्या पायरीवर.

"आलात का!" तो लांबूनच ओरडला. "मी म्हटलं येतीलच. ही तुमची पायरी, जपून ठेवली आहे हो. आणि कुत्रं सापडलं तर! त्या शनिवारी काय हाल झाले तुमचे, गाळात काय शिरलात, रडायचेच बाकी होतात!"

मी बाबांकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघितलं. माझ्या शेजारी बायकोची चप्पल होती, ती हलली नाही.

राखणदाराने पायरी आणून दाराशी ठेवली. बाबा गाडीच्या कडेला बसले होते. त्यांनी पायरीवरून हात फिरवला, एका कोपऱ्यावर बोट थांबवलं. मग अगदी मोकळेपणाने त्याला म्हणाले, "हा माझा मुलगा. मला बरं नसतं ना, म्हणून सहलीला गेला तरी लांब जात नाही. हाक मारली की येता यावं, म्हणून इथेच थांबला होता." आणि माझ्याकडे वळून, "हो ना रे?"

आणि थांबले.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मीठ, पहाट, धुकं, दीपगृह. ज्याच्या स्मरणशक्तीची मी काळजी करत होतो तो माणूस आठवडाभर माझ्या खोट्याला एकेक फळी ठोकून उभं ठेवत होता आणि दर वेळी मला बाहेर यायला दार उघडं ठेवत होता. मी दर वेळी "हो बाबा" म्हणून ते आतून लावून घेत होतो. आज तर त्याने मला माझ्याहून कितीतरी बरं कारणही देऊ केलं होतं. फक्त घ्यायचं होतं.

"नाही बाबा," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. "तुमच्यासाठी नाही थांबलो. तुम्हाला न्यायचं नव्हतं म्हणून समुद्र सांगितला. आणि मग घाटाला घाबरलो. आणि मग..."

बाबांनी माझं मनगट धरलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "तो ऐकतोय."

राखणदार लगबगीने पंपाकडे गेला. बायको पाणी आणायला म्हणून उलट्याच दिशेला गेली. मी तिथेच मातीत बसलो. पन्नाशीचा माणूस, बापाच्या पायाशी बसून रडला. मुकादम समोर येऊन बसला, देखरेखीला.

राग आला होता का, बाबांना विचारलं. "आला होता," म्हणाले. "शुक्रवारी. तुम्ही गेल्यावर जिना चढताना फार आला. वर जाऊन चहा केला, तेव्हा सवयीने तिघांचा टाकला." एवढंच. मी काही म्हणायच्या आत त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, मूठ धरली आणि आपले आपण गाडीत चढले.

आता ते तिसऱ्या फळीवर झोपले आहेत. घोरत आहेत, चांगले जोरात. पाय बरोबर टोकापर्यंत पोचतात. एक हात खाली लोंबतो आहे आणि त्याच्याखाली मुकादमाने डोकं ठेवलं आहे. झोपण्याआधी ते म्हणाले होते की घरी गेल्यावर शिवणकामवाल्या बाईंना यातलं काही सांगायचं नाही, कुत्र्याची कीर्ती उगाच कशाला घालवायची.

मी त्यांना म्हटलं की मी सांगणार आहे, बाईंना, औषधवाल्यांना आणि दुकानातही. ते डोळे मिटूनच म्हणाले, "बघ बुवा. मीठ मात्र मी म्हणालो होतो, ते माझ्या नावावर राहू दे."